नवख्या भावासोबत गोल्फची पहिली फेरी

वाचकाचे पत्र

मी काही वर्षांपासून नियमित गोल्फ खेळते. माझा मोठा भाऊ नुकताच निवृत्त झाला. त्याने आजवर गोल्फचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, हातातही धरलेला नाही, पण ‘मलाही एकदा तुझ्याबरोबर यायचे आहे’ असे तो आता म्हणतो आहे. मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. मागे एका मैत्रिणीला मी अशीच घेऊन गेले होते. अठराही होल (मैदानाचे टप्पे; प्रत्येकाच्या शेवटी चेंडू एका खळग्यात घालायचा) खेळायचे ठरवले, मागचे खेळाडू खोळंबले, मी प्रत्येक फटक्यानंतर तिला काही ना काही सांगत राहिले आणि बाराव्या होलनंतर ती म्हणाली, ‘मी नुसती चालते, तू खेळ.’ ती पुन्हा कधी आली नाही. दादाच्या बाबतीत तसे व्हायला नको आहे. त्याला आधी किती शिकवावे? मागे थांबलेल्यांचे काय करावे? आणि खरे सांगायचे तर, माझ्या स्वतःच्या खेळाचे काय?

उत्तर

तुमच्या मैत्रिणीने बाराव्या होलनंतर जे म्हटले, त्यातच तुमच्या बऱ्याचशा प्रश्नांची उत्तरे आहेत. फटके चुकले म्हणून सहसा कुणी नवखा मैदान सोडत नाही, कारण आपले फटके चुकणार हे त्याला घरून निघतानाच ठाऊक असते. आपल्यामुळे कुणीतरी खोळंबले आहे, मागची माणसे आपल्याकडे पाहत आहेत आणि जिच्याबरोबर आलो तिचा दिवस आपण वाया घालवतो आहोत, ही जाणीव मात्र त्याला सोसवत नाही. म्हणून दादांचा स्विंग (क्लब फिरवण्याची क्रिया) कसा सुधारेल याची चिंता तुम्ही त्या दिवसापुरती बाजूला ठेवावी आणि हा भार त्यांच्या मनावर येणारच नाही एवढे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाहुणा घरी येण्यापूर्वीच यजमान सगळी सोय करून ठेवतो आणि पाहुण्याला त्याचा पत्ताही लागू देत नाही. त्या दिवशी तुमची भूमिका तशी असावी.

ही सोय होलच्या संख्येपासून सुरू होते. अठरा होल ही नवख्यासाठी फार लांबची मजल आहे. सरावलेल्या चौघांनाही त्यासाठी चार तासांच्या आसपास लागतात, आणि वाकून, कंबरेतून वळून फटका मारण्याची सवय नसलेले शरीर त्याच्या किती तरी आधी थकते. थकलेल्या माणसाचे फटके आणखी बिघडतात आणि शेवटचा तासच त्याच्या लक्षात राहतो. तेव्हा नऊच होल खेळा, आणि सगळे होल ‘पार ३’चे (तीन फटक्यांत पुरे होणे अपेक्षित असलेले) असलेले एखादे छोटे मैदान हाताशी असेल तर तेच निवडा. नऊ होल म्हणजे अर्धा खेळ, असे दादांना वाटू देऊ नका. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानावर १७६४ पर्यंत एक फेरी २२ होलची होती; त्या वर्षी काही होल एकमेकांत मिळवल्यामुळे ती १८ वर आली. १८६० मध्ये स्कॉटलंडमध्येच प्रेस्टविक येथे ‘ओपन’ ही प्रसिद्ध गोल्फ स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा तिथले मैदान १२ होलचे होते आणि खेळाडूंनी त्याच्या तीन फेऱ्या एका दिवसात खेळल्या. अठरा हा आकडा पुढे रूढ झाला एवढेच. दादांची सोय नवात असेल तर नऊच होल योग्य आहेत.

दिवसाची वेळही जपून निवडा. सुट्टीच्या दिवसाची सकाळ टाळा आणि मैदान रिकामे होत आलेले असते तेव्हाची, दुपार कलल्यानंतरची वेळ मागा. वेळ ठरवतानाच ‘माझ्याबरोबर पहिल्यांदाच खेळणारी व्यक्ती आहे, आम्हाला दोघांनाच सोडता येईल का’ असे तिथल्या व्यवस्थापनाला स्पष्ट विचारा. दोघांच्या गटात आयत्या वेळी दोन अनोळखी खेळाडू जोडले गेले, तर ते कितीही भले असले तरी दादा आक्रसून जातील.

आधी किती शिकवावे, हा तुमचा पहिला प्रश्न. फेरीच्या काही दिवस आधी दादांना सरावाच्या मैदानावर एकदा, तासाभरासाठी न्यावे आणि तेवढ्यावरच थांबावे. फेरीच्याच दिवशी सकाळी चेंडूंच्या टोपल्या रिकाम्या करत बसू नका. नवख्याच्या तळहातांना त्याने फोड येतात आणि पाठ आखडते. त्या तासाची सुरुवातही बहुतेक लोक करतात तशी लांब फटक्यांनी करू नका. आधी पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवण्याचा क्लब) हातात द्या आणि सरावाच्या ग्रीनवर (होलभोवतीच्या अगदी आखूड गवतावर), होलच्या खळग्यापासून दोन पावलांवर उभे करा. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो आणि चेंडूचा किमान ४२.६७, म्हणजे होल चेंडूच्या अडीचपटीहून थोडा मोठा. इतक्या जवळून चेंडू आत जातोच, आणि तो आत पडल्याचा आवाज त्यांनी त्या खेळातला पहिला आवाज म्हणून ऐकावा. मग चार पावलांवरून, मग दहा पावलांवरून खेळू द्या. पार ठरवताना प्रत्येक होलला दोन ‘पट’ (पटरचे फटके) धरलेले असतात, त्यामुळे पार ७२ च्या मैदानावर हिशेबातले ३६ फटके ग्रीनवरचेच असतात. ज्या कामाला ताकद लागत नाही आणि वय आड येत नाही, ते काम या खेळाचा निम्मा भाग आहे, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळणे फार चांगले.

ग्रीनवरून मागे सरकत ग्रीनच्या काठावर या आणि वेजने (तोंड खूप तिरके असलेल्या क्लबने) चेंडू थोडासा उचलून पुढे घरंगळू द्यायचा फटका दाखवा. शेवटची वीसेक मिनिटे सात नंबरच्या आयर्नला (मध्यम अंतराच्या क्लबला) द्या, तीही अर्ध्या स्विंगपुरती. पकड कशी धरायची आणि चेंडूपासून किती दूर उभे राहायचे एवढे दाखवल्यावर एकच गोष्ट समजावून सांगण्यासारखी आहे. चेंडू हवेत उडवण्याचे काम क्लबच्या तोंडाच्या तिरकेपणाचे असते. नवख्याला हे पटत नाही. जमिनीवर पडलेला चेंडू वर जायला हवा म्हणून तो नकळत क्लब खालून वर उचलायला जातो, त्याचे वजन मागच्या पायावर राहते आणि क्लबची कड चेंडूच्या डोक्याला लागून चेंडू जमिनीवरून सरपटत जातो, किंवा क्लब चेंडूच्या आधीच जमिनीत रुततो. दादांना चेंडू बाजूला ठेवून नुसत्या गवतावरून क्लब फिरवायला सांगा आणि गवत घासल्याचा आवाज दर वेळी एकाच जागी येतो का, हे ऐकायला लावा. तो येऊ लागला की त्याच जागी चेंडू ठेवा. याच्या पुढचे काहीही त्या दिवशी सांगू नका.

नियमांनुसार फेरीत १४ पर्यंत क्लब नेता येतात, पण दादांना चार पुरे आहेत: एक हायब्रिड (लांब फटक्यांसाठीचा सोपा क्लब), सात नंबरचे आयर्न, एक वेज आणि पटर. प्रत्येक चेंडूपाशी उभे राहून कोणता क्लब घ्यावा या विचारात पडणे हाही नवख्यावरचा एक ताणच असतो, आणि चारच क्लब असले की तो आपोआप कमी होतो. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्यांचा क्लब, शक्यतो देऊ नका. त्याचा दांडा सर्वांत लांब आणि तोंडाचा तिरकेपणा, पटर सोडल्यास, सर्वांत कमी असतो, त्यामुळे तो नेमका चेंडूवर आणणे अवघड जाते आणि आणला तरी थोड्याशा चुकीनेही चेंडू बाजूला वळून झाडीत शिरतो. मात्र दादांनी आपणहून मागितला तर एखाद्या रुंद होलवर जरूर द्या; तो मोठा क्लब फिरवून पाहण्याचा मोह अगदी स्वाभाविक आहे आणि तो पुरवल्याने काही बिघडत नाही.

आता पहिल्या टीविषयी, म्हणजे होल जिथून सुरू होतो त्या जागेविषयी. माझ्या मते सगळ्या फेरीत एवढी नाजूक जागा दुसरी नाही. तिथे बहुधा कुणी ना कुणी उभे असते, जवळच क्लबहाउसच्या खिडक्या असतात आणि दादांच्या हातांना अजून कशाचीच सवय झालेली नसते. मागे गट असेल तर त्यांना आधी जाऊ द्या. टी अगदी पुढची निवडा, आणि तुम्हीही तिथूनच खेळा. तुम्ही मागच्या टीवरून खेळून मग त्यांना एकट्याला पुढे चालायला लावले, तर ‘आपली जागा वेगळी’ ही भावना पहिल्याच मिनिटाला घर करते. पुढच्या टीवरून खेळण्यात कमीपणाही काही नाही. लोकांनी आपल्या ताकदीला साजेशा अंतरावरून खेळावे म्हणून २०११ मध्ये अमेरिकेतल्या यूएसजीए आणि पीजीए या गोल्फ संस्थांनी ‘टी इट फॉरवर्ड’ नावाची मोहीमच काढली होती. पुढची टीसुद्धा लांब वाटली तर फेअरवेच्या (टी आणि ग्रीन यांच्यामधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मध्यावर, ग्रीनपासून १५० यार्डांची खूण असते तिथून, सरळ खेळायला सुरुवात करा.

तुमचा फटका आधी मारा, तोही आपल्या नेहमीच्या रीतीने, आणि त्यावर काही बोलू नका. मग दादांसाठी चेंडू ठेंगण्या टीवर (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीलाही टीच म्हणतात) ठेवा आणि बाजूला व्हा. तुम्ही कुठे उभ्या राहता याला महत्त्व आहे. दादा उजव्या हाताने खेळत असतील तर त्यांच्या समोर, त्यांचे तोंड तुम्हाला दिसेल अशा बाजूला, पण चेंडूच्या रेषेपेक्षा थोडे मागे आणि चांगले सहा-सात पावले दूर उभ्या राहा. नवख्याचा चेंडू क्लबच्या दांड्याजवळच्या भागाला लागला की तो उजवीकडे अतिशय वेगाने फेकला जातो, आणि त्या दिशेला पुढे कुणी उभे असेल तर दुखापत ठरलेली. त्यांच्या पाठीमागे उभ्या राहिलात तर तुम्ही त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात हलत राहाल आणि क्लब मागे येण्याच्या वाटेवरही याल. नजर त्यांच्या हातांवर रोखू नका. चेंडू कुठे जातो ते पाहण्यासाठी उभ्या आहात असे राहा. क्लब हवेतच फिरला तर नियमांच्या हिशेबात तो एक फटका असतो, पण त्या दिवशी तो मोजायचा नाही आणि त्यावर सांत्वनही करायचे नाही. ‘पुन्हा मार, दादा, घाई काही नाही’ एवढे पुरेसे आहे.

यानंतरचा मुद्दा मी सर्वांत कळकळीने सांगतो आहे: चेंडू कधी उचलायचा हे मैदानावर येण्यापूर्वीच ठरवून टाका. पारच्या दुप्पट फटके झाले की चेंडू उचलायचा, असा करार करा. म्हणजे पार ४ च्या होलवर आठ. ही काही नवख्याला दिलेली दया नव्हे. २०१९ पासून गोल्फच्या नियमांत ‘मॅक्सिमम स्कोअर’ नावाचा स्पर्धेचा एक प्रकारच आहे, त्यात प्रत्येक होलसाठी फटक्यांची कमाल मर्यादा ठरवतात आणि ती गाठली की खेळाडू चेंडू उचलतो. करार आधी झाला असेल तर चेंडू उचलताना हार मानल्यासारखे वाटत नाही. आठव्या फटक्यानंतर तुम्ही आयत्या वेळी ‘आता राहू दे’ म्हणालात, तर तेच वाक्य दिवसभर मनात राहते. त्यात माझी एक पुस्ती आहे. आठाची वाट न पाहता, फेअरवेवर दोन-तीन फटके ओळीने फसले की चेंडू उचलून चालत ग्रीनच्या काठावर आणा, तिथे ठेवा आणि तिथून होल पुरा करू द्या. प्रत्येक होलचा शेवट चेंडू आत पडण्यानेच व्हावा. हरवलेला चेंडू शोधायला नियमांत पूर्वी पाच मिनिटे होती, २०१९ पासून तीन आहेत. तुम्ही एका मिनिटावर थांबा. जुने चेंडू भरपूर न्या आणि त्यातले तीन-चार दादांच्या खिशात आधीच घाला, म्हणजे हरवलेल्या चेंडूसाठी झाडीत वाकून शोधत राहण्याची आणि ओशाळण्याची वेळ येणार नाही. बंकरमध्येही (वाळूच्या खड्ड्यातही) हाच हिशेब: दोन फटक्यांत बाहेर आला नाही तर चेंडू हाताने बाहेरच्या गवतावर ठेवायचा.

मैत्रिणीला तुम्ही प्रत्येक फटक्यानंतर काही ना काही सांगत राहिलात, असे तुम्हीच लिहिले आहे, आणि त्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटतो. तो उत्साह प्रेमापोटी येतो. ज्या गोष्टी शिकायला आपल्याला वर्षे लागली त्या समोरच्याला एका दुपारी देऊन टाकाव्यात असे वाटते. पण फटका जेमतेम दीड-दोन सेकंदांत संपतो, आणि तेवढ्या वेळात माणूस फार तर एक गोष्ट ध्यानात ठेवू शकतो. तिसऱ्या होलपर्यंत खांदा, कोपर, मनगट, गुडघा आणि नजर अशा पाच सूचना डोक्यात जमा झाल्या की हात मोकळेपणाने फिरणे बंद होते. त्यातही ‘डोके वर केलेस’ ही सूचना तर देऊच नका. ती सगळ्यांच्या तोंडी असते, पण चेंडूला वरून फटका बसला म्हणजे डोके उठले असेलच असे नाही. बहुतेक वेळा चेंडू उचलायच्या प्रयत्नात कोपरे आखडलेली असतात किंवा कंबर सरळ झालेली असते. ती सूचना पाळण्यासाठी नवखा मान ताठ धरून ठेवतो आणि त्याचे वळणेच थांबते.

गोल्फचे नियमही या बाबतीत तुमच्या मदतीला येतात. स्पर्धेत आपल्या जोडीदाराखेरीज दुसऱ्या खेळाडूला खेळाविषयी सल्ला दिला, तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड होतो. मात्र अंतर किती आहे, झेंडा कुठे आहे, नियम काय आहे, हे सांगणे सल्ल्यात मोडत नाही. तुमची फेरी मैत्रीची आहे, दंडाचा प्रश्न नाही, तरीही अशीच एक सीमारेषा तुम्ही स्वतःसाठी आखून घ्या: अंतर सांगा, दिशा सांगा, ‘त्या पांढऱ्या दगडाच्या डावीकडे मार’ असे सांगा, आणि शरीराविषयी अवाक्षर काढू नका. दादांनी आपणहून विचारले तर एका वाक्यात उत्तर द्या आणि ते उत्तर दिवसभर बदलू नका. तुम्ही धाकट्या आहात हेही विसरू नका. मोठ्या भावाला चारचौघांत धाकट्या बहिणीने वारंवार दुरुस्त करणे, दोघांमध्ये कितीही मोकळेपणा असला तरी, त्याला जड जाते. कॅडी (क्लबांची पिशवी वाहणारा सहायक) बरोबर असेल तर त्यालाही सुरुवातीलाच बाजूला घेऊन हेच सांगा, नाहीतर तुम्ही गप्प बसाल आणि तो शिकवत राहील.

कौतुकालाही मर्यादा असावी. वीस पावले सरपटलेल्या चेंडूला ‘वा, छान!’ म्हटले की दादांना ते खोटे आहे हे लगेच कळेल, आणि मग खरोखर चांगला फटका बसेल तेव्हा तुमच्या शब्दाला वजन राहणार नाही. तो फटका बसेलच. क्लबच्या मध्यावर चेंडू लागला की हाताला जवळजवळ काहीच जाणवत नाही, आवाज टणक येतो आणि चेंडू अपेक्षेपेक्षा किती तरी उंच जातो. तेव्हा थांबा, त्यांना तो पूर्ण खाली पडेपर्यंत पाहू द्या. लोक या खेळाकडे पुन्हा येतात ते अशा एका फटक्यासाठी.

स्विंगबद्दल गप्प राहायचे असले तरी काही गोष्टी मात्र शिकवल्याच पाहिजेत, आणि त्या शिकवण्यात संकोच नसावा. सुरक्षिततेचे आधी. कुणी फटका मारत असताना त्याच्या पुढे चालायचे नाही. सरावाचा स्विंग करण्यापूर्वी मागे वळून पाहायचे. चेंडू माणसांच्या दिशेने गेला की मोठ्याने ‘फोर’ ओरडायचे, आणि तीच हाक कानावर आली की तिकडे पाहण्याऐवजी डोके हातांनी झाकून खाली वाकायचे. त्यानंतर मैदानाची निगा. बंकरमध्ये उतरायचे ते कमी उंचीच्या बाजूने, चेंडूच्या जवळून, आणि बाहेर पडताना आपली पावले दाताळ्याने सारखी करायची. ग्रीनवर दुसऱ्याच्या चेंडूपासून होलपर्यंतच्या वाटेवर पाय द्यायचा नाही आणि त्या वाटेवर सावलीही पडू द्यायची नाही. चेंडू उंचावरून पडून झालेला खड्डा कसा बुजवायचा, हे दादांना एकदा गुडघ्यावर बसून दाखवा: हत्यार खड्ड्याच्या काठाबाहेर टोचायचे, कडेचे गवत चहूबाजूंनी आत ढकलायचे आणि वरून पटरने हलकेच दाबायचे, तळाची माती वर उचकटली तर मुळे तुटतात आणि तो डाग कित्येक दिवस दिसतो. नवख्याला या गोष्टी शिकायला आवडतात, असे मी पाहिले आहे, कारण फटका जमला नाही तरी त्या पहिल्याच दिवशी अगदी नीट जमतात, आणि त्यामुळे आपण इथले उपरे आहोत ही भावना ओसरते.

मागे थांबलेल्यांचे काय करावे, हा प्रश्न वर सांगितलेल्या तयारीने बराचसा सुटतो. कमी होल, कमी क्लब, चेंडू उचलण्याचा करार आणि रिकामी वेळ एवढे जुळले, तर नवख्याबरोबरची दोघांची फेरी चौघांच्या गटाहून बहुधा हळू होत नाही. होलपासून ज्याचा चेंडू दूर त्याने आधी खेळायचे, हा क्रमही पाळत बसू नका. जो तयार असेल त्याने खेळावे, आणि स्ट्रोक प्लेमध्ये तर नियमच आता याला उत्तेजन देतात. फटका मारायची पाळी आल्यावर ४० सेकंदांच्या आत खेळावे, अशी नियमांची शिफारस आहे. दादांनी तेवढा वेळ घेतला तर घेऊ द्या. वाचवायचा वेळ तुम्ही चालण्यात, पिशवी पुढच्या होलच्या टीच्या बाजूला ठेवण्यात आणि तुमच्या स्वतःच्या फटक्यांत वाचवा. तरीही मागचा गट थांबलेला दिसला, तर त्यांनी हातवारे करेपर्यंत वाट पाहू नका. पुढच्या होलच्या टीवर बाजूला उभ्या राहा, हात हलवून त्यांना बोलवा आणि जाऊ द्या. हे करताना दादांना ‘आपण हळू आहोत म्हणून’ असे कारण सांगू नका. ‘ते दोघे झपाट्याने खेळत आहेत, आपण थोडे पाणी पिऊ’ हेही तितकेच खरे असते.

आता तुमच्या स्वतःच्या खेळाविषयी. तो प्रश्न विचारताना तुम्हाला संकोच वाटला असावा, पण तो रास्त आहे. त्या दिवशीच्या फटक्यांची नोंद हँडिकॅपसाठी (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्यासाठी) करू नका. हँडिकॅपसाठीची फेरी नियमांनुसार खेळलेली असावी लागते, आणि चेंडू उचलून ग्रीनच्या काठावर नेण्याचे, फेअरवेच्या मध्यावरून खेळण्याचे, मध्येच सांगण्याचे हे सगळे करार त्यात बसत नाहीत. कार्ड खिशातच राहू द्या. तरीही स्वतःचे फटके मनापासून खेळा. दादांना बरे वाटावे म्हणून मुद्दाम वाईट खेळलात तर ते त्यांच्या लक्षात येईल आणि अपमान वाटेल. तुमचा फटका चुकला तर क्लब आपटू नका, स्वतःवर चिडू नका; वर्षानुवर्षे खेळणाऱ्या बहिणीचाही चेंडू बंकरमध्ये जातो आणि ती शांतपणे पुढे चालू लागते, हे पाहून त्यांना जेवढा धीर येईल तेवढा कुठल्याही शब्दांनी येणार नाही.

दोघांनाही खरोखर खेळल्यासारखे वाटावे, यासाठी स्क्रॅम्बल हा प्रकार मला सर्वांत योग्य वाटतो. दोघांनी फटका मारायचा, ज्याचा चेंडू चांगल्या जागी असेल तिथे दुसऱ्याचाही आणायचा आणि दोघांनीही पुढचा फटका तिथूनच खेळायचा. यात तुम्ही एकमेकांविरुद्ध नसता. दादांचा वाईट फटका कुठेच धरला जात नाही, आणि त्यांनी ग्रीनवर एखादा लांबचा पट आत घातला तर तो दोघांचा होतो. तुम्ही हुकवलेला पट त्याच जागेवरून त्यांनी घातला, असा प्रसंग नऊ होलमध्ये एकदा तरी येण्याची चांगली शक्यता आहे, कारण तुमच्या चेंडूची वाट त्यांनी आधी पाहिलेली असते. म्हणून ग्रीनवर नेहमी तुम्हीच आधी खेळा. एकच चेंडू आळीपाळीने मारायचा फोरसम्स हा प्रकार मात्र टाळा. त्यात दादांनी झाडीत घातलेला चेंडू तुम्हाला काढावा लागेल आणि प्रत्येक वेळी ते तुमची माफी मागत राहतील.

फेरी संपल्यावर ‘कसे वाटले?’ हा प्रश्न लगेच विचारू नका. त्याचे उत्तर देताना माणूस समोरच्याचे मन राखतो. सातव्या-आठव्या होलवरच ते थकलेले दिसले तर तिथेच थांबायला हरकत नाही, आणि नवव्यानंतर ताजेतवाने असले तरी पुढच्या नवांचा आग्रह धरू नका. दादांनी पुढच्या आठवड्यात स्वतःहून विषय काढला, तर सरावाच्या मैदानावरच्या एखाद्या प्रशिक्षकाकडे त्यांना दोन-तीन तासांसाठी पाठवा आणि तुम्ही तिथे हजर राहू नका. स्वतःचा संच घेण्याची घाई त्यांना करू देऊ नका. पहिले काही महिने तुमच्या जुन्या किंवा भाड्याच्या चार क्लबवर त्यांचे भागेल. फक्त ते तुमच्याहून बरेच उंच असतील तर तुमच्या क्लबांचे दांडे त्यांना आखूड पडतील आणि पाठ दुखू लागेल, तेव्हा पहिल्या फेरीच्या आधीच त्यांच्या उंचीचे क्लब भाड्याने मिळतात का, हे मैदानावर विचारून ठेवा.